मनाचे दुखणे आणि आपली ज्ञाती

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, उद्योगधंदे, हुंडा, विद्यार्थी-वसतिगृह अशा अनेक विषयांचा ऊहापोह झाला आहे. यंदा चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही मनोविकारांवर बोलू असे कळविले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बोला; पण जरा जपून बोला. त्याच दिवशी वधूवर-मेळावाही आहे." चिटणिसांचा हेतू चांगला होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु आमच्या भाषणाचा अर्धा भाग त्यांच्या त्या एका वाक्यात येऊन गेला, हेही खरे.

आम्ही वैद्य नव्हे. साताऱ्यास चाळीस वर्षे औषधांचे दुकान चालविलेला एक साधा दुकानदार, एवढाच आमचा अधिकार. पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला जे दिसते, ते पुष्कळदा तपासणीच्या खोलीत दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन येणारे गिऱ्हाईक आम्हांस दुरून ओळखू येई. दुकानात गर्दी असेतो ते समोरच्या फुटपाथवर उभे राही. गर्दी ओसरली की येई, चिठ्ठी घडी न उलगडता पुढे सरकवी, आणि गोळ्यांच्या पट्ट्या कागदी पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करून मागे. काही झोपेच्या व चिंतेवरच्या गोळ्यांसाठी २०१४ पासून रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहावे लागू लागले. ते सांगताच पुढे केलेली चिठ्ठी उचलून निघून गेलेली माणसेही आम्ही पाहिली.

या गिऱ्हाइकांत आपल्या ज्ञातीतील कोणी दिसत नसे. कित्येक वर्षे आम्हांस त्याचे समाधान वाटत असे. आपली घरे सुखी आहेत, अशी आमची समजूत होती. पुढे औषधविक्रेत्यांच्या एका बैठकीत कराडचे एक स्नेही भेटले. त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही, ते एवढेच म्हणाले, "तुमची साताऱ्याची मंडळी औषधाला आमच्याकडे येतात." कराडची मंडळी आमच्याकडे येत असत, हे मग आमच्या ध्यानात आले. महिन्याच्या दहा-पाच गोळ्यांसाठी पन्नास किलोमीटरांची एस.टी.! मधुमेहाच्या गोळीसाठी कोणी गाव ओलांडून गेल्याचे आम्हांस आठवत नाही.

बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत मोठी पाहणी केली. प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, असे तीत आढळले. आणि उपचारांवाचून राहिलेल्यांचे प्रमाण आजारपरत्वे शेकडा ७० ते ९२ इतके निघाले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपण निराळे आहोत असे मानावयास काही आधार नाही. या सभागृहात पाचशे प्रौढ माणसे बसली असतील, तर त्यांतील पन्नासांचा हा प्रश्न आहे, आणि त्या पन्नासांपैकी बहुतेकांनी तो कोणालाही सांगितलेला नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते आमच्या घरातले आहे. आमच्या धाकट्या काकू दुसऱ्या बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांतच झोपेनाशा झाल्या. मूल आपले नव्हे, कोणीतरी बदलून ठेवले आहे, असे त्या म्हणू लागल्या. हे १९५३ साल. घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रथम बाळंतवात म्हणून काढे दिले, मग बाहेरची बाधा म्हणून देवऋषी आणला, आणि शेवटी एका क्षेत्री नेऊन चाळीस दिवस सेवा केली. तेथून परत आल्यावर त्यांना माडीवरच्या मागील खोलीत ठेवण्यात आले. बाहेरून कडी. त्यांना कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. जुन्या घरांत याला चांगली वागणूक म्हणत. आम्ही सहा-सात वर्षांचे झाल्यावर त्यांचे जेवणाचे ताट वर नेण्याचे काम आमच्याकडे आले. पाहुणे आले की ताट न वाजवता न्यावे, एवढी एकच सूचना असे. आत्याच्या लग्नाच्या वेळी काकूंना चार दिवस शेतावरच्या घरात हलविले. काका मुंबईस नोकरी धरून राहिले, ते श्राद्धापक्षाला तेवढे येत. काकू १९७४ साली वारल्या. एकवीस वर्षे त्या त्या खोलीत होत्या.

आज आम्हांस माहीत आहे की बाळंतपणानंतर अशा तऱ्हेने उफाळणारा हा विकार हजारांत एकदोन बायकांना होतो, बहुधा पहिल्या पंधरवड्यातच सुरू होतो, आणि वेळेवर रुग्णालयात नेल्यास बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होऊन मूल मांडीवर घेऊन घरी येतात. मनोविकारांवरील नव्या औषधांपैकी पहिले, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसच्या डॉक्टरांनी १९५२ साली वापरावयास घेतले. म्हणजे काकू आजारी पडण्याच्या आदल्या वर्षी. ते तेव्हा लगेच आमच्या खेड्यात कोठून येणार, हे खरे. परंतु १९७२ साली आम्ही औषधशास्त्राची पदविका घेऊन साताऱ्यास एका दुकानात उमेदवारी करू लागलो, तेव्हा त्या दुकानाच्या फळीवर ती गोळी होती. आम्ही ती रोज मोजून देत होतो. काकू अजून दोन वर्षे जिवंत होत्या, आणि सुटीत घरी गेलो की त्यांचे ताट आम्हीच वर नेत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे आमच्या मनात एकदाही आले नाही. वीस वर्षांच्या दुखण्यावर त्या गोळीचा गुण आलाच असता असे आम्ही म्हणत नाही. विचारून पाहावे, एवढेही सुचले नाही, हे मात्र आज पन्नास वर्षांनंतरही विसरता येत नाही. बुद्धी नव्हती म्हणावे, तर परीक्षेत गुण चांगले होते! घरातली ती खोली ही बोलण्याची गोष्टच नव्हती. आणि जे बोलता येत नाही त्याविषयी माणूस विचारही करीनासा होतो.

बाधेच्या कल्पनेविषयी थोडे बोलावयास हवे. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याने स्वतःच आपणास क्लेश करून घेतलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस पीडा देऊ शकत नाहीत, असा स्पष्ट निर्वाळा त्या ग्रंथात दिलेला आहे. इतक्या जुन्या काळी हे म्हणणारा मनुष्य धीराचा खरा. पण त्याने दोष पिशाचाकडून काढून रुग्णाच्या स्वतःच्या कर्माकडे नेला, तो आज कोणास मान्य होणार नाही. काकूंनी कोणता अपराध केला होता? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. ते आमच्या साताऱ्याचेच. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे वा मारणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. त्यांना साखळीस बांधून देणारे त्यांचे नातेवाईकच होते, आणि त्यांतील पुष्कळांनी ते मायेपोटी, दुसरा काही उपाय दिसेना म्हणून केले असणार. श्रद्धास्थानी जावयास आमची हरकत नाही. गुजरातेत उनावा येथे मीरा दातार दर्ग्यातच डॉक्टरांची सोय केलेली आहे. दुवाही मागावी आणि औषधही घ्यावे, अशी तेथील योजना आहे. आपल्या क्षेत्रांच्या विश्वस्तांनी याचा विचार करावा.

परंतु देवऋषी आज आपल्या घरांत फारसा राहिलेला नाही. आपली मंडळी शिकलेली आहेत, मुले परदेशी आहेत. तरीही कराडची एस.टी. चालूच आहे. असे का, याचे उत्तर शोधू गेल्यास आम्हांस ते आपल्या वधूवर-विभागाच्या कपाटात सापडते.

आम्ही त्या विभागाचे काम बारा वर्षे केले आहे. तेव्हा जे बोलतो आहोत ते स्वतःला वगळून नव्हे. आपल्या नोंदणी-अर्जात एक जुना रकाना आहे: घराण्यात कोणास वेड, अपस्मार अथवा कोड आहे काय? बारा वर्षांत त्या रकान्यात "नाही" याखेरीज एकही शब्द लिहिलेला आम्ही पाहिला नाही. शेकडो घराण्यांत एकालाही काही नाही! जो रकाना प्रत्येकाकडून खोटे लिहवून घेतो, त्याने कोणाचे रक्षण केले?

एके वर्षी एक माता आमच्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलून सांगतो. मुलगी पदवीधर, सुस्वभावी, नोकरीस होती. कॉलेजात असताना तिला एकदा उन्मादाचा झटका येऊन गेला होता. लिथियमच्या गोळ्यांवर ती पाच वर्षे उत्तम होती. मातेने विचारले, "सांगावे की न सांगावे?" आम्ही अनुभवी कार्यकर्ते! आम्ही म्हणालो, "आधी ठरू द्या, मग पाहू." लग्न झाले. सासरी गोळ्या ठेवावयास जागा नव्हती. पर्स सासूबाई उघडीत, कपाट सामाईक. लिथियम घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते, तिचेही निमित्त काय सांगणार? तिने गोळ्या बंद केल्या. चौथ्या महिन्यात आजार उलटला, आणि आम्ही जे लपवावयास सांगितले होते ते सर्वांदेखत, सर्वांत वाईट रीतीने उघडे झाले. फसवणूक झाली असे सासरच्यांनी म्हटले, त्यांना आम्ही चूक म्हणू शकत नाही. ती मुलगी आज पुन्हा औषधावर आहे, नोकरी करते, आईजवळ राहते. आम्ही तिला भेटून क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, तुम्ही एकटेच नव्हता." हे ऐकून बरे वाटावे की वाईट, ते आम्हांस अजून समजलेले नाही.

याच्या उलट प्रकार मुलांच्या बाबतीत होतो. मुलगा दिवसेंदिवस खोलीबाहेर येत नाही, कोणी आपल्याविरुद्ध कट करतो असे म्हणतो. आणि घरातली मंडळी काढा म्हणून लग्न सुचवितात. "चार हात होऊ द्या, ठिकाणावर येईल." दुसऱ्याच्या मुलीस औषध म्हणून वापरण्याचा हा प्रकार आपल्या मध्यस्थांनी अनेकदा केला आहे.

आनुवंशिकतेची भीती खोटी नाही, पण ती मोजून घ्यावी. स्किझोफ्रेनिया हा त्यांतला गंभीर आजार घ्या. सर्वसाधारण माणसास तो होण्याचा संभव सुमारे शंभरांत एक. सख्खा भाऊ, बहीण अथवा आईबापांपैकी एकजण आजारी असल्यास तो सुमारे दहांत एक. म्हणजे अशा घरातल्याही दहांपैकी नऊ मुलांना हा आजार होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकास झाला तर दुसऱ्यास होण्याचा संभव निम्म्याच्या आसपासच राहतो. तेव्हा सर्व काही रक्तात लिहिलेले नसते. चुलत्याला किंवा मामेबहिणीला आजार आहे म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांनी स्वतःच्या घरातील मधुमेहाचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

कायदाही बदलत आला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या शर्तींमध्ये अपस्माराचा आलेला उल्लेख १९९९ साली काढून टाकण्यात आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, तेही २०१९ साली गेले. नुसते स्किझोफ्रेनियाचे नाव लागले म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले. आपल्या अर्जातला रकाना मात्र आहे तेथेच आहे. आमची सूचना अशी की तो काढून टाकावा. याचा अर्थ लपवावे असा कोणी करू नये. ज्या दोघांना संसार करावयाचा आहे त्यांनी आपला आजार, औषध, डॉक्टरांचे नाव एकमेकांस स्वतः सांगावे, साखरपुड्याच्या आधी सांगावे, आणि दोघांनी मिळून त्या डॉक्टरांस भेटावे. मध्यस्थाने, मामाने, विभागाच्या कार्यकर्त्याने यात पडू नये. छापील कागदावर ज्ञातीसमोर कबुली देणे निराळे, आणि आयुष्याच्या जोडीदाराशी खरे बोलणे निराळे.

दुकानदार म्हणून दोन शब्द औषधांविषयी बोलू द्या, कारण निम्मे उपचार येथेच बुडतात. उदासीनतेच्या आजारावरील गोळ्यांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या परत करावयास येणारी माणसे आम्ही महिन्यातून दोनदा तरी पाहत होतो. दुसरे, "सवय लागेल" ही भीती. ती काही झोपेच्या गोळ्यांबाबत खरी आहे. उदासीनतेवरील गोळ्यांची त्या अर्थाने चटक लागत नाही, मात्र त्या एकदम न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. तिसरे म्हणजे बरे वाटू लागले की औषध बंद. शेजारीण म्हणते, "आता तर चांगली दिसतेस, कशाला त्या गोळ्या?" ती चांगली दिसते ती त्या गोळ्यांमुळेच, हे शेजारणीस कोणी सांगावे?

आणि आपली भाषा! ठाणे आणि येरवडा ही गावांची नावे आपण थट्टेची करून टाकली आहेत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून माणसांची शुश्रूषा करीत आले. आपण त्याचा उपयोग "याला ठाण्याला पाठवा" एवढ्यापुरता केला. गेल्या संमेलनातील नाटिकेत सर्वांत मोठा हशा वेड्याच्या भूमिकेस मिळाला. आम्हीही हसलो. मागल्या रांगेतून एक कुटुंब उठून गेले, ते का गेले हे आम्हांस नंतर कळले.

पंजाबातील एक गोष्ट आम्हांस फार आवडते. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर नावाचे अधीक्षक होते. रुग्णालयात गर्दी मावेना आणि नातेवाईक तर रुग्णास सोडून जावयास टपलेले. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर घरच्या माणसांनीही येथे राहावे अशी व्यवस्था केली. आई, भाऊ, बायको तेथेच स्वयंपाक करीत, डॉक्टर काय सांगतात ते ऐकत, शेजारच्या तंबूतला रुग्ण सुधारताना पाहत. पुष्कळ रुग्ण थोड्या आठवड्यांत घरी परतले आणि नेणाऱ्यांना कसे वागावे ते कळलेले होते. तंबूला खर्च तो किती? आपल्याकडेही ही वाट मळलेली आहे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनाधीनांसाठी, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यासाठी काम करीत आहे. २००४ साली आलेला 'देवराई' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना स्किझोफ्रेनियाने घेरलेल्या माणसाच्या घरची ओढाताण वेगळी सांगावयास नको.

पैशाची अडचण खरी आहे, पण ती पूर्वीइतकी राहिलेली नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांसही विम्याचे संरक्षण दिले पाहिजे, असे त्यात आहे. आपली पॉलिसी काढून वाचा. रुग्णास साखळीने बांधण्यास त्यात बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून सरकारने त्याची काळजी घ्यावी, असेही त्यात आहे; तेव्हा पोलिसांच्या भीतीने अशा माणसास रुग्णालयात न नेता घरीच ठेवू नका. जिल्हा रुग्णालयांत मनोविकार-विभाग असतात. आणि ज्याला कोणासमोर जावयाचे धैर्य नाही त्याच्यासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी-क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.

राहता राहिला आपला रुग्णसाहाय्य निधी. त्यातून हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंड यांसाठी मदत दिली जाते. मनोविकारासाठी आजवर एकही अर्ज आलेला नाही, असे खजिनदार सांगतात. अर्ज येणार कसा? मदत घेणाऱ्यांची नावे गावासह या स्मरणिकेत छापण्याची आपली प्रथा आहे! दात्यांना आपला पैसा कोठे गेला ते कळावे, हा तिचा हेतू रास्तच आहे. पण आम्ही कार्यकारी मंडळाकडे मागणी केली, आणि मंडळाने ती मान्य केली, की यापुढे मनोविकाराच्या अर्जावरील नाव फक्त अध्यक्ष व खजिनदार पाहतील, इतिवृत्तात केवळ रक्कम लिहिली जाईल, आणि स्मरणिकेत काहीच छापले जाणार नाही. अर्ज बंद पाकिटात कार्यालयात द्यावा अथवा टपालाने पाठवावा. ज्ञातीतील दोन डॉक्टरांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कार्यालयात बसण्याचे कबूल केले आहे. ते रक्तदाबही तपासतील, मधुमेहही पाहतील. जिना चढणारा कशासाठी चढला, हे खालच्यास समजण्याचे कारण नाही.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पूर्वी प्रसिद्ध झाला, त्यात काकांची नोंद आहे: जन्म, शिक्षण, मुंबईतील नोकरी, दोन अपत्ये. त्या अपत्यांची आई कोण, ती जागा कोरी आहे. यंदा नवी आवृत्ती निघत आहे. आमच्या चुलतभावाच्या संमतीने आम्ही संपादकांकडे काकूंचे माहेरचे नाव, सासरचे नाव, जन्म आणि मृत्यूची वर्षे लिहून पाठविली. 'विशेष माहिती' या रकान्यात काय लिहावे यावर आम्हां दोघांचे पुष्कळ बोलणे झाले. शेवटी असे लिहिले: दुसऱ्या बाळंतपणानंतर १९५३ साली आजारी पडल्या, उपचार झाले नाहीत, गाणे चांगले गात. संपादकांचे पत्र आले आहे की मजकूर मिळाला, छापू.